थेरडा आधी कोण होता?

कानात इयरफोन असतील तर आवाज जरा कमी करा, कारण आजची सुरुवात माझ्याच तोंडच्या एका शिवीने होणार आहे. आणि जे ऐकायच्या ऐवजी वाचताय, त्यांच्यासाठी नेहमीची सूचना: बोलतानाचे अडखळे काढलेत, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवलंय.

तर झालं असं. मागच्या महिन्यात आम्ही एक भाग रेकॉर्ड करत होतो. स्टुडिओ वगैरे आपल्याकडे नाही. माझ्या फ्लॅटची बेडरूम, खिडकीला लावलेली गोधडी आणि एक माइक, एवढाच संसार. रात्रीचे सव्वादहा वाजलेले. बेल वाजली. खालच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात, वय 78. आमच्या हसण्याचा आवाज वाढला की ते जिना चढून वर येतात, दोन वाक्यं बोलतात आणि जातात. त्या दिवशीही आले, बोलले, गेले. दोन दिवसांनी एडिटिंग करणाऱ्या मित्राने मला तीन सेकंदांची एक क्लिप पाठवली. त्यात बेल वाजते आणि लगेच माझा आवाज, माइकच्या अगदी जवळून, स्वच्छ: "आला थेरडा."

मित्राने खाली लिहिलं होतं, "इतक्या क्लीअर क्वालिटीत तू आजवर काहीच बोलला नाहीस."

मी ती क्लिप चार-पाच वेळा ऐकली. आपला आवाज आपल्यालाच परका वाटतो हे खरं, पण इथे आवाज नाही, शब्द परका वाटत होता. हा शब्द मी शिकलो कुठे? घरात कुणी वापरत नाही. बहुतेक सिनेमातून, नाटकातून, शाळेच्या बसमधून. अपराधी वाटलं की शहाणा माणूस जाऊन माफी मागतो. मी शब्दकोश उघडला. आजचा भाग त्यातून निघाला.

"थेरडा" या शब्दाचे दोन तुकडे करा. थेर आणि डा. आता "थेर" हा शब्द ऐकल्यासारखा वाटतो का? थेरवाद. श्रीलंकेत, म्यानमारमध्ये, थायलंडमध्ये जो बौद्ध धर्म आहे, तो थेरवाद. तेच थेर. संस्कृतात स्थविर, पालीत थेर. स्थविरच्या मुळाशी "स्था" धातू आहे, ज्याच्यातून स्थिर आला, स्थान आला. स्थविर म्हणजे जो पाय रोवून उभा आहे, जो आता हलणार नाही असा माणूस. "स्थ"चा "थ" होणं प्राकृतात नेहमीचंच. स्थलचं थळ झालं, तसंच स्थविरचं थविर आणि मग थेर.

थेर ही बौद्ध संघातली पदवी होती आणि तिचा जन्मतारखेशी थेट संबंध नव्हता. भिक्खू म्हणून दीक्षा घेऊन दहा वर्षं पूर्ण झाली की तो थेर. दीक्षा विसाव्या वर्षी घेता येत असे. म्हणजे हिशोब करा, तिशीतला माणूस थेर असू शकत होता. आत्ता हा भाग ऐकणाऱ्यांतले निम्मे त्या वयाच्या आसपासचे असतील. बायका असतील तर थेरी. पालीत थेरीगाथा नावाचा एक संग्रहच आहे, भिक्खुणींनी रचलेल्या कवितांचा. त्यात आम्रपालीची एक रचना आहे. एकेकाळची वैशालीची नामांकित गणिका केसांपासून पावलांपर्यंत एकेक अवयव घेते आणि तेव्हा कसा होता, आता कसा आहे हे सांगत जाते. म्हातारपणाबद्दल इतकं न लाजता बोललेलं मी तरी दुसरीकडे फारसं वाचलेलं नाही.

आणि हे सगळं लांब कुठे श्रीलंकेत नाही. लोणावळ्याजवळ कार्ल्याची लेणी आहेत. तुमच्यातले बरेच जण एकविरेला जाऊन आलेले असणार. देवळाच्या शेजारीच ते भव्य चैत्यगृह. त्याच्या व्हरांड्यात भिंतीला लागून दगडी हत्ती उभे आहेत, जणू अख्खी इमारत पाठीवर घेऊन. आपण तिथे सेल्फी काढतो. त्या हत्तींपाशी ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत एक लेख कोरलेला आहे. हे हत्ती आणि त्यांच्या वरखालची नक्षीदार कठड्याची पट्टी कुणाचं दान आहे, ते त्यात लिहिलंय. दान देणारा आहे इंद्रदेव नावाचा भिक्खू, आणि त्याच्या नावामागे बिरुद आहे "थेर". सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सह्याद्रीत एका माणसाने मानाने दगडावर कोरून घेतलेला शब्द मी रात्री सव्वादहाला बेल वाजली म्हणून वापरला, वर मागे "डा" लावून.

हा "डा" पण मजेशीर आहे. मूळ शब्दाला तो लागतो तेव्हा एक तर लाडाने लागतो किंवा तुच्छतेने. मुखाचा मुखडा होतो तेव्हा लाड असतो. म्हाताऱ्याचा म्हातारडा होतो तेव्हा काय असतं ते सांगायला नको.

आता म्हाताऱ्यावर आलोच आहोत, तर एकविरेच्या पायऱ्यांवरच थांबू. तिथे दर्शनाला येणाऱ्या आगरी-कोळी मंडळींत एक आडनाव ढिगाने भेटतं: म्हात्रे. म्हात्रे आणि म्हातारा हे सख्खे भाऊ आहेत. दोघांचा बाप एकच, संस्कृतातला महत्तर. महत् म्हणजे मोठा, महत्तर म्हणजे अधिक मोठा. आठव्या-नवव्या शतकातले राष्ट्रकूटांचे ताम्रपट पाहिले तर राजा जमीन दान देताना आधी सगळ्या अधिकाऱ्यांना उद्देशून बोलतो. प्रांताचा प्रमुख, जिल्ह्याचा प्रमुख, गावचा प्रमुख, आणि त्या यादीत शेवटी असतात महत्तर. म्हणजे गावातली वजनदार, चार लोकांत बसून निवाडा करणारी माणसं. राजाला सुद्धा त्यांना विचारात घेऊन जमीन द्यावी लागायची.

महत्तरचा म्हातारा कसा झाला हे तुम्हाला जड वाटेल, पण नियम साधा आहे. मराठीत येताना जोडाक्षर सुटलं की आधीचा स्वर लांबतो. सप्तचं सत्त, सत्तचं सात. हस्तचं हत्थ, हत्थचं हात. कर्मचं कम्म, कम्मचं काम. तसंच महत्तरमधला "त्त" सुटला, "ह"मागचा "अ" उडाला, आणि म्हातार, म्हातारा उरला. आवाजाचा प्रवास सोपा आहे. अर्थाचा प्रवास मात्र मला अस्वस्थ करतो. गावचा मोठा माणूस ते नुसता वयाने झिजलेला माणूस, हा उतार आला कुठून?

माझं मत सांगतो, पटलं नाही तर भांडा. मला वाटतं हे शब्द आधी वयाचे नव्हतेच, ते पदाचे होते. पद सांभाळणारी माणसं बहुधा वयस्कर असायची, म्हणून वय त्या शब्दाला चिकटलं. पुढे पद गेलं. महाराष्ट्रातली लेणी ओस पडली, थेर नाहीसे झाले. गावगाड्यात पाटील आले, देशमुख आले, महत्तरांचं काम संपलं. पदाची झूल उतरली आणि खाली जे उरलं ते फक्त वय. आणि नुसत्या वयाला आपण किती मान देतो, ते शब्दाने इमानदारीने नोंदवून ठेवलं.

हीच गोष्ट "वृद्ध"ची. वृद्ध ऐकलं की आपल्याला काठी, चष्मा, वृद्धाश्रम दिसतो. पण हा शब्द "वृध्" धातूचा, आणि वृध् म्हणजे वाढणे. वृद्धी म्हणजे वाढ. वृद्ध म्हणजे वाढलेला, पूर्ण वाढ झालेला. मराठीतलं "वाढणं" सुद्धा त्याच धातूतून उतरलंय. म्हणजे आपण केक कापून, तोंडाला क्रीम फासून जो वाढदिवस साजरा करतो, तो वृद्ध होण्याचाच दिवस, अगदी व्याकरणाने. याच वृद्धचा प्राकृतात वुड्ढ, बुड्ढ झाला आणि हिंदीत बुढ्ढा. आपल्याकडे विदर्भात बुढा-बुढी म्हणतात आणि तिथे कित्येकदा "माहा बुढा" म्हणजे सरळ "माझे वडील". पुण्या-मुंबईचा माणूस हे ऐकून दचकतो. त्याला तो अपमान वाटतो, बोलणाऱ्याच्या मनात मात्र तसं काही नसतं.

फारसीतून आलेल्या "बुजुर्ग"चं तर गावच झालं. खरंच. पुण्यात बसवर पाटी वाचली असेल: वडगाव बुद्रुक, आंबेगाव बुद्रुक. शाळेत असताना मला वाटायचं बुद्रुक म्हणजे कुणीतरी सरदार असावा. बुद्रुक म्हणजे बुजुर्ग, थोरलं. खुर्द म्हणजे धाकटं. एकाच नावाची दोन गावं असली की मोठं ते बुद्रुक, लहान ते खुर्द. आज आंबेगाव बुद्रुकमध्ये जा, जिकडे तिकडे कॉलेजची पोरं, पीजी आणि वडापावच्या गाड्या. पाटीवर मात्र गाव अजून बुजुर्ग आहे.

थोरला हा शब्द मात्र शहाणा निघाला. त्याने स्वतःला वयाशी बांधून घेतलंच नाही, नात्याशी बांधलं. थोरला म्हणजे कुणाच्या तरी तुलनेत आधीचा. पेशवाईत बघा. थोरले माधवराव म्हटलं की डोळ्यांपुढे भारदस्त, पिकल्या मिशांचा माणूस येतो ना? माधवराव 1772 मध्ये थेऊरला गेले तेव्हा 27 वर्षांचे होते. सत्तावीस! थोरले, कारण नंतर सवाई माधवराव झाले. थोरले बाजीराव गेले 1740 मध्ये, वय 39. आणि दुसरा बाजीराव, जो 76 वर्षं जगला, 1851 मध्ये ब्रह्मावर्ताला वारला, त्याला कुणी थोरला म्हटलं नाही. तो मरेपर्यंत दुसराच राहिला.

"वडील" याच जातीचा शब्द. हा हिंदीतल्या "बड़ा"चा नातेवाईक. जुन्या पत्रांमध्ये वडील म्हणजे बाप असं ठरलेलं नसे. काका वडील, थोरला भाऊ वडील, चुलत आजे वडील. आजही लग्नाच्या पत्रिकेत "वडील बंधू" सापडतात, आणि "वडीलधारी मंडळी" मध्ये आई, मावशी, आत्या सगळ्या येतात. पुढे "बाप" शब्द चार लोकांत उघडा वाटू लागला, म्हणून वडिलांना बढती मिळाली आणि ते एका माणसापुरते झाले.

आजोबा शब्दाची गोष्ट जरा वेगळी. संस्कृतात आर्य, आर्यक, म्हणजे आदरणीय. त्याचं प्राकृतात अज्ज, मराठीत आजा, आणि स्त्रीलिंगी आजी. दोन हजार वर्षांत हा शब्द फारसा घसरलेला नाही. नुसतं आजा म्हणणं ओबडधोबड वाटलं म्हणून मागे "बा" आला, एवढंच. थेर गेला, महत्तर गेला, आजोबा टिकला. कारण संघ मोडला, गावगाडा मोडला, पण नातवंडं काही संपली नाहीत.

आता जरा बायकांकडे. कारण मराठीत "म्हातारी" ही म्हाताऱ्याची नुसती स्त्रीलिंगी आवृत्ती नाही, ते वेगळंच प्रकरण आहे. आठवा लहानपण. रुईच्या बोंडातून पांढरी रेशमी झुपकी उडायची, तिला आपण काय म्हणायचो? म्हातारी. तिच्यामागे धावायचो, हातात आली की फुंकर मारून सोडून द्यायचो. जत्रेत गुलाबी साखरेचा कापूस मिळायचा, ते म्हातारीचे केस. ढग गडगडले की आई सांगायची, वर म्हातारी हरभरे भरडतेय. मुंबईच्या कमला नेहरू पार्कातला तो मोठा बूट, म्हातारीचा बूट, तो आला इंग्रजी बडबडगीतातून, पण आपण तो असा काही आपलासा केला की जणू आपलीच आजी त्यात राहायची. आणि भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परत येणारी, वाघ-कोल्ह्यांना चकवणारी ती म्हातारी! आपल्या लहानपणीचे बाकीचे नायक राजपुत्र आहेत, त्यांच्याकडे घोडे आणि तलवारी. हिच्याकडे फक्त डोकं आणि एक भोपळा.

म्हणजे चार वर्षांच्या पोराच्या जगात म्हातारी आभाळात आहे, वाऱ्यावर आहे, जंगलात जिंकते आहे. मग ते पोर मोठं होतं आणि एक म्हण शिकतं: म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. आपण ही म्हण राजकारणापासून सोसायटीच्या मीटिंगपर्यंत कुठेही वापरतो. मी स्वतः वापरली आहे, एका भागात, ऐकून बघा. कधी मधेच थांबून विचारलंय का, की दुःख का नाही?

माझी आजी सातारा जिल्ह्यातली. आजोबा तिला "म्हातारे" म्हणून हाक मारायचे. ती पस्तीशीची असल्यापासून म्हणत असावेत, असं आत्या सांगते. "म्हातारे, च्या टाक" असं म्हणाले की ती चुलीजवळून काहीतरी पुटपुटायची आणि चहा टाकायची. माझे काका गावात तिच्याबद्दल बोलताना म्हणायचे, "आमचं म्हातारं आज शेतात गेलंय." नपुंसकलिंग! व्याकरणाच्या तासाला आपण शिकतो की नपुंसकलिंग निर्जीव वस्तूंना. गावाकडच्या मराठीत ते मायेला वापरतात. लेकरू, पाखरू, वासरू, म्हातारं, सगळी एका पंगतीत.

मग आजी शहरातल्या एका दवाखान्यात दाखल झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात कुणीतरी ओरडलं, "त्या सात नंबरच्या म्हातारीला उठवा, चादर बदलायचीय." शब्द तोच होता, चाळीस वर्षं घरात ऐकलेला. आजीने माझ्याकडे बघितलं नाही, भिंतीकडे बघितलं. म्हणून मी म्हणतो, शब्दकोशात शिवी सापडत नाही. तिथे फक्त अर्थ असतो. बाकीचं सगळं कोण म्हणतंय आणि कुठे म्हणतंय, यात आहे.

बरं, आता आकड्यांकडे. आपण वयाचे टप्पे कसे मोजतो? विशी, तिशी, चाळिशी. चाळिशी म्हणजे चाळीस वर्षांचं वय आणि चाळिशी म्हणजे चष्माही, एकच शब्द. वय थेट नाकावर येऊन बसतं. पन्नाशी "गाठतात", साठी "उलटते". "वयात येणं" ही बातमी असते आणि "वय होणं" ही कुरकुर. दोन्हींत वयच आहे, फक्त एकात आपण त्याच्याकडे जातो, दुसऱ्यात ते आपल्यावर येतं. "पोक्त" हा शब्द मला यातला सगळ्यात आवडतो. तो फारसीतून आला, मूळ अर्थ शिजलेलं, पिकलेलं. पोक्त माणूस म्हणजे कच्चा न राहिलेला माणूस. हल्ली फारसा कुणी वापरत नाही. पोक्तऐवजी मॅच्युअर म्हणतात, आणि मॅच्युअरला कसली चव नाही. आणि वय न शोभणारं वागलात तर शिंगं मोडून वासरात शिरलात. हे मला एडिटर मित्र महिन्यातून एकदा ऐकवतो, मी 33 आहे आणि तो 26.

साठीवर मात्र मराठी माणसाचं एकमत नाही. एकीकडे म्हण आहे, साठी बुद्धी नाठी. नाठी म्हणजे नष्ट झालेली, पळालेली. दुसरीकडे त्याच साठीला आपण शांत करतो, होम करतो, औक्षण करतो. का? कारण पंचांगात संवत्सरांची 60 नावं आहेत, प्रभव ते क्षय, आणि ती चाकासारखी फिरतात. साठ वर्षं पूर्ण झाली की तुम्ही ज्या संवत्सरात जन्मलात ते परत येतं. म्हणजे हिशोबाने तुम्ही पुन्हा जन्माच्या ठिकाणी. पुढचा सोहळा सहस्रचंद्रदर्शन, हजार पौर्णिमा पाहिलेला माणूस. दोन पौर्णिमांत साधारण साडेएकोणतीस दिवस असतात, तर मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर गुणून बघा, हजार पौर्णिमांना 80 वर्षं आणि 10 महिने लागतात. एखाद्याचं वय इतक्या सुंदर पद्धतीने मोजणं मला तरी दुसरीकडे दिसलेलं नाही. आणि हे सोहळे एवढे मोठे का असायचे, तर तिथपर्यंत पोचणारे कमी होते. स्वातंत्र्य मिळालं त्या सुमारास भारतात सरासरी आयुर्मान 32 वर्षांच्या आसपास होतं. याचा अर्थ लोक बत्तिशीत म्हातारे व्हायचे असा नाही हं. लहान मुलं प्रचंड संख्येने दगावायची, म्हणून सरासरी खाली यायची. पण साठी पाहणारे थोडे होते, हे खरंच. 2011च्या जनगणनेत साठीच्या पुढचे भारतीय 10 कोटींच्या वर होते. दर घरात एक आजोबा असले की आजोबांची मिरवणूक काढायला कुणाला वेळ नसतो.

एवढ्या लोकांना सरकारने काय म्हणायचं? वृद्ध म्हटलं की बिचारे वाटतात, म्हातारे म्हणणं शक्यच नाही. मग इंग्रजी शब्दावरून "ज्येष्ठ नागरिक" तयार झाला. 2007 मध्ये संसदेने आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा केला, त्यात व्याख्या स्पष्ट आहे: 60 वर्षं पूर्ण झालेली व्यक्ती. मुलं सांभाळत नसतील तर न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, आणि मूळ कायद्यात निर्वाह भत्त्याची कमाल मर्यादा महिन्याला 10,000 रुपये ठेवली होती. शब्द असा चकचकीत, आणि कायदा करावा लागला तो या कारणासाठी.

मला "ज्येष्ठ नागरिक" हा शब्द सुरुवातीला आवडायचा नाही, फॉर्मवरचा वाटायचा. आता वाटतं, गंमत अशी की हा पुन्हा पदाचाच शब्द आहे. थेर, महत्तर, तसा ज्येष्ठ नागरिक. पद म्हणजे काय, तर एक कार्ड आणि त्यावर मिळणाऱ्या सवलती. ऑगस्ट 2022 पासून एसटीत 75 वर्षांच्या पुढच्यांना प्रवास मोफत झाला, 65 ते 75 पर्यंत अर्धं तिकीट. गावाकडचे आजोबा-आजी त्या कार्डावर खरंच फिरायला लागले, लेकींकडे, देवाला, विनाकारणही. उलट रेल्वेत पुरुषांना 60 नंतर 40 टक्के आणि बायकांना 58 नंतर 50 टक्के सवलत होती, ती मार्च 2020 मध्ये थांबली. तिकीट काढताना सीनियर सिटीझन हा पर्याय अजून दिसतो. शब्द राहिला, त्याच्या मागचं गेलं. थेरासारखंच. पुढच्या पिढीची पोरं "ज्येष्ठ" हा शब्द चिडवायला वापरतील का? वापरतातच की. आमच्या ग्रुपमध्ये ट्रेकला जो मागे पडतो त्याला म्हणतात, "ज्येष्ठ नागरिक, या हळूहळू."

आणि तुम्ही हसू नका, तुमचाही नंबर लागलेला आहे. रिक्षावाल्याने पहिल्यांदा "काका" म्हटलं तो दिवस आठवतो? शाळेतल्या पोराने बॉल मागताना "अंकल" म्हटलं ती संध्याकाळ? मुलींना तर हे फार आधी ऐकवतात. जरा साधी राहणारी असेल तर काकूबाई, लग्न लांबलं तर घोडनवरी. पंचविशी-तिशीतल्या बाईला घोडनवरी म्हणणारी भाषा तिला म्हातारी कधी म्हणायला लागते, याची वेगळी तारीख शोधायला नको.

आता शेवटी त्या खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांकडे येतो. क्लिप मी डिलीट केली, पण त्याने काही झालं नाही. ते नंतर एकदा जिन्यात भेटले, पिशवीत भाजी होती. मी पिशवी घेतली आणि म्हणालो, "आजोबा, मी देतो घरापर्यंत." ते म्हणाले, "आजोबा नको म्हणूस, मला नातवंडं नाहीत." मग मी "काका" म्हणालो. ते म्हणाले, "सोसायटीत सगळे काकाच म्हणतात." दारापर्यंत पोचलो. किल्ली लावता लावता, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "मला 'अरे' म्हणणारं आता कुणी राहिलं नाही. दोघं होते, एक मोठी बहीण आणि एक शाळेतला मित्र. बहीण दिवाळीत गेली. मित्राला ऐकू येत नाही, फोनवर नुसतं हॅलो हॅलो करतो."

याच्यावर मला काही सुचलं नाही. आपल्याकडे मोठ्या माणसाला अहो-जाहो करतात, आणि मी 33 वर्षांचा माणूस 78 वर्षांच्या माणसाला "अरे" म्हणू शकत नाही, मान द्यायचा असला तरी. एवढ्या शब्दांत एक शब्द त्यांना हवा होता आणि तोच नेमका माझ्याकडे नव्हता. मी पिशवी ओट्यावर ठेवली. ते म्हणाले, "त्या रेडिओसारखं काहीतरी करता ना तुम्ही वर? काय बोलता रोज एवढं?" मी म्हटलं, इतिहास. "मग बोला," ते म्हणाले, "पण लवकर बोला."

तुमच्या गावाकडे म्हाताऱ्या माणसाला काय म्हणतात ते व्हॉइस नोटवर पाठवा. म्हातारबा म्हणतात का डोकरा, का गोव्याकडे म्हणतात तसं जाणटो. शक्य झालं तर घरातल्या त्याच माणसाच्या आवाजात पाठवा.

हा भाग आम्ही संध्याकाळी सात ते पावणेनऊ या वेळेत रेकॉर्ड केला आहे. बेल वाजली नाही.